वाचकांचे प्रश्न : पोतंभर भाजलेली मिरची

ऑगस्ट सरत आला की इथे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात किराणा दुकानांबाहेर मिरची भाजायची जाळीची पिंपं फिरायला लागतात आणि माझ्याकडे मिरचीची पत्रं यायला लागतात. यंदाची काही, थोडी छाटून.

*काकू, गेल्या वर्षी आम्ही अल्बकर्कीला राहायला आलो. नवऱ्याने हौसेने भाजलेल्या हिरव्या मिरचीचं आख्खं पोतं आणलं. दोघांच्या घरात तीस पौंड! सोलता सोलता हातांची आग झाली आणि निम्मी वाया गेली. यंदा पुन्हा आणायचं म्हणतोय. काय करू?*

आणू द्या. फक्त त्या दिवशी सोलायला बसू नका.

तुम्ही पाहिलंच असेल, भाजणारा माणूस पोतं पिंपात रिकामं करतो, दार लावतो, खालून गॅसच्या ज्वाळा सोडतो आणि पिंप फिरवत राहतो. मिरच्या धपाधप आपटतात, सालीचे काळे पापुद्रे उडतात आणि आपण वाऱ्याच्या उलट बाजूला सरकतो. काही ठिकाणी भाजणावळ वेगळी घेतात, ती आधी विचारून घ्या. मग मिरची गरमागरम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून हातात येते, वाफेने साल सुटावी म्हणून. त्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, म्हणजे तुमचा घरी यायचा वेळ. घरी आल्यावर पिशवी आधी उघडायची. परात, ताटं, ट्रे, जे असेल त्यात पसरून गार करायची आणि भाजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये टाकायची. मी पहिल्या वर्षी बांधलेली पिशवी तशीच ओट्यावर ठेवली, सकाळी बघू म्हणून. सकाळी आंबूस वास आणि बोटांना तार. सगळं कचऱ्यात गेलं, आणि गाडीत मात्र आठवडाभर तो सुंदर वास, मला चिडवायला. (२०२३ पासून भाजत्या हिरव्या मिरचीचा वास हा या राज्याचा अधिकृत सुगंध आहे. कायदा करून!)

फ्रीझरमध्ये सालीसकटच ठेवा. साल मिरचीला जपते, आणि गोठून सुटलेल्या मिरचीची साल बोटाने ओढली तरी निघते. एका वेळी लागतील तेवढ्याच, सहा-आठ, एका पिशवीत चपट्या पसरा, हवा काढा, वर तारीख आणि तिखटपणा लिहा. वर्षभर चांगल्या राहतात. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करून ठेवतात ना, तसाच हा एक दिवस धरायचा. फ्रीजमध्ये मात्र तीन-चार दिवसांपुरत्याच ठेवा.

सोलताना हातमोजे घाला. आग झालीच तर हाताला आधी तेल चोळा, मग भांड्यांचा साबण. तो जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणि लेन्स वापरत असाल तर त्या आधी काढून ठेवा. याचं कारण मी लिहीत नाही, समजून घ्या.

एक हात जोडून विनंती : सोलताना नळाखाली धरू नका. सालीबरोबर भाजल्याचा खमंगपणा वाहून जातो. भरताचं वांगं धुणाऱ्या माणसाकडे मी जशी बघते, तशीच मिरची धुणाऱ्याकडेही बघते. बोटं चिकट झाली तर बाजूच्या वाडग्यातल्या पाण्यात बुडवा. चार काळे ठिपके राहिले तर राहू देत.

*‘हॅच’ ही मिरचीची जात आहे का? इतर मिरचीपेक्षा महाग का देतात?*

हॅच हे गाव आहे, राज्याच्या दक्षिणेला रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात. तिथे पिकते ती हॅच. जाती वेगळ्याच : सँडिया, बिग जिम वगैरे. या सगळ्या घराण्याच्या मुळाशी फाबियान गार्सिया यांनी १९२१ मध्ये इथल्या कृषी महाविद्यालयातून दिलेला ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हा वाण आहे. बिग जिम १९७५ चा, रॉय नाकायामांचा. एकेक मिरची फूटभर होऊ शकते. पिशवीवरचं गावाचं नाव आवडत असेल तर घ्या. मी आधी विचारते ती जात आणि तिखटपणा, मग मिरची दाबून बघते. सरळ, गुळगुळीत आणि हाताला जड अशी हवी. वाकड्यातिकड्या मिरचीच्या घडीत ज्वाळा पोचत नाही आणि तिथली साल चिकटून बसते. नावाबद्दल एवढं माहीत असू द्या : २०११ च्या इथल्या कायद्याप्रमाणे न्यू मेक्सिकोत न पिकलेली मिरची इथे न्यू मेक्सिकोच्या नावाने विकता येत नाही.

*भाजलेल्या मिरच्या सोलून, लसूण घालून तेलात बुडवून ठेवल्या तर लोणच्यासारख्या बाहेर टिकतील ना?*

नाही. हे कृपा करून करू नका. आपलं लोणचं टिकतं ते मीठ आणि आंबटपणाच्या जोरावर. भाजलेल्या मिरचीत आंबटपणा फारसा नसतो, आणि तेलाखाली हवा नसते. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना नेमकं हेच हवं असतं. वास, रंग, चव, काहीही न बदलता ते विष तयार होऊ शकतं. बरणीत भरायचीच असेल तर प्रेशर कॅनर (भरलेल्या बरण्या दाबाखाली तापवायचं भांडं) आणि तपासलेली कृती लागते. मी त्या भानगडीत पडत नाही. फ्रीझर.

*आम्ही शाकाहारी. इथला ग्रीन चिली स्टू घरी कसा करू? शिवाय ‘मीडियम’ म्हणून आणलेली मिरची जहाल निघाली आहे.*

इथे तो डुकराच्या मांसाचा करतात. त्याऐवजी पिंटो बीन्स (ठिपक्यांचा राजमाच म्हणा) घाला, जोडी जुनीच आहे. मिरची आणि पिंटो या दोघांना १९६५ मध्ये एकदमच राज्याची भाजी ठरवलं गेलं. बीन्स रात्री भिजवून कुकरलाच लावा. अल्बकर्की साधारण सोळाशे मीटर उंचीवर, पाणी पंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तुम्ही थकाल, बीन्स नाही.

तेलात भरपूर कांदा मऊ करा, सात-आठ लसणीच्या पाकळ्या ठेचून घाला, मग तीन बटाट्यांच्या मोठ्या फोडी. फोडी तेलात परतल्या की आठ सोललेल्या मिरच्या बोटभर तुकडे करून, बीन्स त्यांच्या पाण्यासकट, मीठ. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर, बटाट्याच्या कडा विरघळून रस्सा दाट होईपर्यंत. मोहरी-हळद घालायचा मोह होईल. मला दोन वर्षं झाला. आता मी थोडंसं जिरं घालते आणि गप्प बसते. मिरचीला बोलू द्यावं लागतं.

जहालपणाचं म्हणाल तर पोटातल्या पांढऱ्या शिरा सुरीच्या पाठीने खरवडून काढा. तिखट तिथे असतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. तरीही झेपलं नाही तर बटाटे वाढवा आणि पानात दही घ्या. वर पाणी पिऊन काही होत नाही.

*पोतं परवडत नाही, जागाही नाही. पाच-सहा मिरच्या घरी भाजता येतील?*

येतील. प्रत्येकीला सुरीचं टोक टोचा, नाहीतर फुटतात. गॅसच्या ज्योतीवर चिमट्याने, किंवा ओव्हनच्या ब्रॉयलरखाली (म्हणजे वरून येणाऱ्या आचेखाली), फोड येऊन काळी पडेपर्यंत फिरवत. मग वाडग्यात घालून वर ताट झाका. खिडकी आधी उघडा; ठसका शेजाऱ्यांपर्यंत जातो.

*हॉटेलात प्रत्येक वेळी ‘रेड ऑर ग्रीन?’ विचारतात. काय सांगायचं?*

म्हणजे जेवणावर लाल मिरचीचा रस्सा हवा की हिरव्या. १९९६ पासून हाच राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, त्यामुळे सुटका नाही. ‘ख्रिसमस’ म्हणा, दोन्ही येतात. कुठली जास्त तिखट ते वाढणाऱ्याला विचारा, रोज बदलतं. आणि पहिलीच वेळ असेल तर वेगळ्या वाटीत मागा.