कृष्णा: 'क्रु' की 'क्रि'?

सांगलीहून प्रश्न आला आहे: 'कृष्णा नदीचं नाव हल्ली "क्रिश्ना" असं ऐकू येतं. आपण "क्रुष्णा" म्हणतो ते अशुद्ध का? आणि लिहिताना काय करायचं?'

अशुद्ध मुळीच नाही. माहुलीला वेण्णा, कऱ्हाडला कोयना आणि हरिपूरला वारणा जिला मिळते, त्या नदीला तिच्याच काठावरच्या समारंभात निवेदकानं 'क्रिश्ना' म्हणावं, याचा खरोखर राग येतो. एका शब्दात तीन अक्षरं बिघडतात: ऋचा रि, षचा श आणि णचा न. रोमन पाटीवरून नाव वाचलं की हेच होणार. निदान ष आणि ण सोडायला तरी काही कारण नाही. ऋसाठी वर वळलेली जीभ तशीच राहते, म्हणून तर ऋण, तृण, घृणा यांत ण आहे.

आता ऋ. हा स्वर आहे, म्हणजे त्याच्या मागून दुसरा स्वर येता कामा नये. जिभेचं टोक वर वळवून टाळूच्या जवळ न्या, टेकवू नका. आवाज चालू ठेवा आणि एक मात्रा होताच सरळ 'ष्णा'वर जा. ओठ फाकले की रि होतो, पुढं आले की रु होतो आणि जीभ आपटली की 'कर्ष्णा' ऐकू येतं. वृत्तात याची परीक्षा होते. 'अमृत' म्हणजे तीन लघू. 'अम्रुत' म्हटलं की जोडाक्षरामुळं पहिला अ गुरू झाला आणि ओळ लंगडली.

हा मूळ ऋ आज बोलण्यात कुणाकडंच उरलेला नाही. हिंदी, बंगाली, नेपाळीत त्याचा रि झाला. मराठी, गुजराती, ओडिया, कन्नड, तेलुगूत साधारण रु. 'रि शुद्ध, रु गावठी' म्हणणाऱ्यांनी अशोकाचा पहिला शिलालेख वाचावा. राजाच्या स्वयंपाकघरात आता दोन मोर आणि एक हरीण एवढंच मारलं जातं, असं त्यात आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला हा एकच मजकूर ठिकठिकाणी कोरला, आणि 'मृग' हा शब्द गिरनारला झाला 'मगो', कालसीला 'मिगे', मानसेहऱ्याला 'म्रिगे' आणि शाहबाजगढीला चक्क 'म्रुगो'! म्हणजे रु आणि रि तेव्हापासून शेजारी नांदतायत. कुणी कुणाला बिघडवलेलं नाही.

त्यातला गिरनारचा 'मगो' मला सगळ्यांत प्रिय, कारण ती आपली वाट आहे. पृष्ठ म्हणजे मराठीत पाठ, हिंदीत पीठ. मृत्तिका म्हणजे आपली माती, त्यांची मिट्टी. तृणाचं आपल्याकडं तण झालं, तिकडं तिनका. विंचू आणि शिंग यांत मराठीनंही इ घेतला आहे, पण कल अ कडे. नाशिकच्या सातवाहन लेण्यातला राजा कृष्ण हा लेखात 'कन्हे' आहे. आपला कान्होबा त्याच वाटेचा.

आणि याच शब्दाचा एक लांबचा भाऊ ऋसकट जिवंत आहे! युरोपात माँटेनेग्रो नावाचा देश आहे. तिथले लोक त्याला म्हणतात 'च्र्ना गोरा', काळा डोंगर. त्यातला च 'चहा'चा नव्हे, 'चाका'चा. आणि पुढचा र निव्वळ स्वर, मागं-पुढं अ नाही, इ नाही, उ नाही. हे 'च्र्न' आणि आपलं 'कृष्ण' एकाच मुळाचे, दोन्हींचा अर्थ काळा. त्यांच्याकडं ऋ सलग टिकलेला नाही. मधे त्याला एक ऱ्हस्व स्वर चिकटला होता, तो पुढं गळला आणि र पुन्हा एकटा उरला. चेक भाषेत लांडग्याला 'व्ल्क' म्हणतात, तो आपला वृक. ऋ कसा म्हणायचा ते ऐकायचं असेल तर एखाद्या सर्बियन माणसाला त्याच्या शेजारच्या देशाचं नाव विचारावं.

उरला रु. 'ऋटुरषाणां मूर्धा' (ऋ, टवर्ग, र आणि ष यांची जागा मूर्धा, म्हणजे टाळूचा वरचा भाग) हे सूत्र तोंडावर फेकून चर्चा संपवणारे पंडित ऋक्प्रातिशाख्य हा ऋग्वेदाच्या उच्चारांचा जुना ग्रंथ उघडत नाहीत. तिथं ऋकार जिह्वामूलीय, म्हणजे जिभेच्या मुळापासून निघणारा सांगितला आहे, कवर्गाच्या पंगतीत. यात विरोध बघणं हा उथळपणा आहे. जिभेचं टोक वर वळवताना मूळही मागं खेचलं जातं. एका ग्रंथानं टोक पाहिलं, दुसऱ्यानं मूळ. आणि जीभ मागं गेली की जवळचा स्वर उ असतो, इ नव्हे. इ साठी ती पुढं यावी लागते. म्हणून माझं ठाम मत आहे की जुन्या ऋला रि पेक्षा रु जवळचा. भाषाशास्त्राचे काही अभ्यासक रु हा नुसता दक्षिणेचा शेजारगुण, म्हणजे दक्षिणेच्या भाषांचा प्रभाव मानतात. मग शाहबाजगढीच्या 'म्रुगो'चं काय करायचं? ते गाव पेशावरकडचं आहे.

लिहिताना मात्र कृष्णाच, 'क्रुष्णा' नाही. उच्चार सारखा झाल्यामुळं आपल्याकडं चुका उलट्याही होतात: ध्रुवचा 'धृव', त्रुटीचं 'तृटी'. रि म्हणणारे पैतृकचं 'पैत्रिक' करतात. आणि 'श्रृंगार' लिहिणाऱ्यांनी त्यातला एक र काढावा. शृ मध्ये तो आधीच आहे.