सायकल घेतली, हेल्मेटचं काय?

मे महिन्याची सुट्टी आली की आमच्याकडं दोनच विषयांची पत्रं येतात, एक उलट्या-जुलाब आणि दुसरा सायकल. या वेळी सायकलनं बाजी मारली, त्यामुळं उलट्या-जुलाब पुढच्या अंकात.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही वडगावात राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, वाढदिवसाला सायकल घेतली आणि गेल्याच आठवड्यात बाजूची छोटी चाकं काढली. गल्लीच्या उतारावरून येताना समोर कुत्रं आलं, त्यानं पुढचा ब्रेक गच्च दाबला आणि हँडलवरून पुढं पडला. कपाळाला टेंगूळ आलं, भरपूर रडला आणि नंतर झोपला. सासूबाई म्हणतात झोपू देऊ नको, कांदा हुंगव. मी म्हटलं हेल्मेट घेऊया, तर सासरे म्हणाले, "आमी काय हेल्मेट घालून शिकलाव काय? पडू दे की, पडल्याबगर सायकल येतीया व्हय?" गल्लीतल्या गल्लीत फिरणाऱ्या पोराला हेल्मेट खरंच लागतं का?

उत्तर : आधी झोपेचं सांगतो. पडल्या पडल्या पोरगं जोरात रडलं तर ते चांगलंच, शुद्धीत आहे एवढं तरी कळतं. रडून दमलेलं पोर झोपतंच, त्याला जबरदस्तीनं जागं ठेवायची गरज नाही, फक्त अधूनमधून हाक मारा आणि नेहमीसारखं कुरकुरत उठतंय का बघा. कांद्यानं फक्त डोळ्यांत पाणी येतं. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्याच गोष्टींकडं : पुन्हा पुन्हा उलटी होणं, उठवूनही नीट न उठणं, असंबद्ध बोलणं, चालताना झोक जाणं, झटका येणं, डोळ्यातली एक बाहुली मोठी एक लहान दिसणं, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येणं, डोकेदुखी वाढत जाणं. यातलं एक जरी दिसलं तरी जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन मारून घरी यायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. पहिले दोन दिवस लक्ष ठेवायचं, मग रात्र असो की सण.

आता सासऱ्यांचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे, पडल्याशिवाय सायकल येत नाही. पण त्यांच्या वेळची गल्ली मातीची होती, आता ती काँक्रीटची झालीय, कडेला गटारीची धार, दारात फरशीच्या पायऱ्या, आणि दर दोन मिनिटाला एक मोटारसायकल. शिवाय लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि जड असतं, त्यामुळं पडताना ते पुढं जातं, आणि हात टेकवून स्वतःला सावरायची चपळाई पाच वर्षांच्या पोरात अजून आलेली नसते.

लोकांना वाटतं हेल्मेट म्हणजे ट्रकनं उडवलं तरी वाचवणारी वस्तू. तसं नाही. सायकलच्या हेल्मेटची युरोपातली जी चाचणी आहे त्यात ते साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडी ठोकळ्यावर आदळतात. आता तुमचा पोरगा सायकलवर बसला की त्याचं डोकं जमिनीपासून किती वर असतं बघा, त्याहून कमीच भरेल. म्हणजे हे हेल्मेट बनवलंयच मुळी गल्लीत पडण्यासाठी. आतला पांढरा थर्मोकोलसारखा थर दबून चेपतो, तो धक्का स्वतः खातो आणि डोक्याला कमी पोचू देतो. एकदा जोरात आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी ते हेल्मेट बाद, कारण चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणूनच दुसऱ्याचं वापरलेलं हेल्मेटही घेऊ नका.

आकडाच हवा असेल सासऱ्यांना सांगायला तर २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरातल्या चाळीस अभ्यासांची मोजदाद एकत्र केली, ६४,००० हून जास्त जखमी सायकलस्वार, मोठेही आणि लहानही. हेल्मेटवाल्यांमध्ये डोक्याला मार लागायची शक्यता निम्म्यानं कमी होती आणि गंभीर मार लागायची साधारण ६९ टक्क्यांनी. निम्म्यानं कमी म्हणजे शून्य नाही, हेही सांगा, नाहीतर पुढच्या वेळी पडला की "बघ, काय उपयोग झाला" म्हणतील.

आणि एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण मी सांगणारच, कारण कपाळाचं टेंगूळ सगळ्यांना दिसतं आणि ही दिसत नाही. पोरगं पडताना हँडल फिरतं आणि त्याचं टोक सरळ पोटात घुसतं. बाहेरून फक्त रुपयाएवढा गोल वळ दिसतो, बरगडीच्या खाली, पोरगं उठून खेळायलाही लागतं, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पोट दुखायला लागतं, उलट्या होतात. आत लिव्हर, प्लीहा, स्वादुपिंड, आतडं, कशालाही इजा झालेली असू शकते. तेव्हा पडल्यावर शर्ट वर करून पोट बघायचं. असा गोल वळ दिसला तर पोट दुखायची वाट न बघता त्याच दिवशी सोनोग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी दाखवायचं आणि हँडल लागलंय हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. हँडलच्या टोकाची रबरी मूठ फाटून आतला लोखंडी पाइप बाहेर आला असेल तर ती आजच बदलून घ्या, सायकलच्या दुकानात किरकोळ पैशात मिळते आणि आम्ही नेमकी तीच बदलत नाही.

ब्रेकचं म्हणाल तर दोन्ही ब्रेक एकदम, मागचा जरा आधी, एवढंच शिकवा, सपाट जागेवर. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. "वाढतं अंग आहे, मोठीच घेऊया" हे युनिफॉर्मला ठीक, सायकलला नाही.

प्रश्न : आम्ही टिळकवाडीत असतो. थोरली मुलगी स्केटिंगला जायची, तिचं हेल्मेट पडून आहे, ते धाकट्या चार वर्षांच्या मुलाला सायकलसाठी चालेल का? जरा ढिलं होतंय, पण आत टोपी घातली की बसतं.

उत्तर : बेळगावात स्केटिंगचं वेड इतकं, की घरटी एक तरी हेल्मेट निघेल. पण उलटं करून आत बघा. नुसतं कडक प्लॅस्टिक आणि आत मऊ स्पंज चिकटवलेला असेल तर तो स्पंज बोटानं दाबला की सपाट होतो, डोक्याच्या वजनानं तर होणारच. कडक थर्मोकोलसारखा थर पाहिजे आणि आत कुठंतरी ईएन १०७८ किंवा ईएन १०८० असा युरोपातल्या मानकाचा छाप पाहिजे. १०८० हा अगदी लहान मुलांचा प्रकार, त्याचं हिरवं बक्कल कुठं अडकून गळ्याला ओढ बसली तर आपोआप सुटतं. तेच कारण आणखी एका सूचनेचं : सायकलवरून उतरला की हेल्मेट काढायचं. हेल्मेटसकट घसरगुंडीवर किंवा पेरूच्या झाडावर चढू द्यायचं नाही, पट्टा अडकतो.

टोपी घालून बसवायचं हे मात्र नको. ढिलं हेल्मेट पडताना मागं सरकतं आणि कपाळ उघडं पडतं, म्हणजे जे वाचवायचं तेच बाहेर. शिंपी वापरतात तो टेप घ्या, भुवईच्या जरा वरून डोक्याभोवती फिरवा, त्या मापाचं घ्या. घातल्यावर भुवई आणि हेल्मेटमध्ये दोन बोटं, पट्टा कानाच्या खाली इंग्रजी व्ही सारखा जुळलेला, हनुवटीखाली एक बोट जेमतेम जाईल इतका घट्ट. मग त्याला मोठा आ करायला सांगा, हेल्मेट डोक्यावर खाली ओढल्यासारखं वाटलं म्हणजे पट्टा बरोबर. माझ्याकडं येणारे बहुतेक आईबाप हेल्मेट डोक्याच्या मागच्या बाजूला लावून आणतात, फोटोत तोंड दिसावं म्हणून!

प्रश्न : खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. मी नातीला रोज सायकलच्या कॅरियरवर बसवून अंगणवाडीला सोडतो. परवा तिची टाच मागच्या चाकाच्या तारांत गेली. रक्त फार आलं नाही, हळद दाबलीय, पण पोर पाय टेकवत नाही. सूनबाई म्हणते हेल्मेट घाला तिला.

उत्तर : आजोबा, हेल्मेट घालाच, पण या दुखण्याला हेल्मेटचा उपयोग नाही. आधी तिला आजच हाडांच्या डॉक्टरांकडं घेऊन जा. तारांत अडकलेल्या टाचेची कातडी पहिल्या दिवशी नुसती खरचटल्यासारखी दिसते आणि दोन-तीन दिवसांत काळी पडते, कारण ती आतून चिरडलेली असते. पाय टेकवत नाही म्हणजे एक्स-रे लागणार. हळद, चहापूड, टूथपेस्ट काहीही लावू नका, जखम नळाच्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड बांधा, आणि धनुर्वाताचा डोस राहिलाय का तेही तिथंच विचारा.

देव न करो पण परत असं झालं तर पाय हिसकून ओढायचा नाही, सायकल आडवी करून चाक हळू उलटं फिरवायचं, नाहीच सुटला तर पक्कडनं तार तोडायची. तारा काय, शंभर बसवून मिळतात.

मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या, साडी अडकू नये म्हणून बायकांच्या सायकलींना असते तीच, फक्त दोन्ही बाजूंनी आणि टाच पोचते तिथपर्यंत. पाय ठेवायला दोन पट्ट्या आणि पाठीला टेकू असलेली छोटी सीट मिळते, तीही घ्या. पायांत स्लीपर नको, बूट. तोवर जरा चालत सोडा, तुमच्याही गुडघ्यांना बरं.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. सायकलला हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे का? आणि बाइकवर तीन वर्षांच्या मुलाला पुढं टाकीवर बसवतो, त्याला लागतं का? कर्नाटकात आणि महाराष्ट्रात नियम वेगळा आहे म्हणतात.

उत्तर : सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळं मोटार वाहन कायद्याची हेल्मेटसक्ती तिला नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९० मध्येच सगळ्या सायकलस्वारांना केली, स्वीडननं २००५ मध्ये पंधरा वर्षांखालच्यांना केली, आपल्याकडं आईबापांवर सोडलंय.

बाइकचं वेगळं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट लागतंच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे : डोक्याला बसेल असं क्रॅश हेल्मेट किंवा वर सांगितलेल्या छापाचं सायकल हेल्मेट, मुलाला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा हार्नेस, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. नियम केंद्राचा आहे, कोगनोळी टोलनाका ओलांडून कागलला गेलात म्हणून बदलत नाही. हार्नेस मिळत नाही ही सबब मी ऐकलीय, ऑनलाइन मागवला की निपाणीत घरपोच येतो. आणि टाकीवर बसवणं आजपासून बंद, ब्रेक मारला की पोराचं तोंड मीटरवर आपटतं आणि मागून तुमचं वजन त्याच्या अंगावर येतं.