भेदऱ्याची (टोमॅटोची) रोपं आडवी का झाली?

प्रश्न: आजोळहून गावरान भेदऱ्याचं बी आणलं. रोपं वीतभर होण्याआधीच बुडाशी सडून आडवी झाली. काय चुकलं?

उत्तर: पाणी जास्त झालं, दुसरं काय! माझीही पहिली खेप अशीच गेली; दिवसातून तीनदा झारी धरायची मी. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका, माती नुसती ओलसर ठेवा, अंकुर दिसताच ऊन द्या. चार-पाच पानांवर रोप हलवा आणि खोड जरा खोल पुरा. पुरलेल्या भागालाही मुळं फुटतात.

पहिलं निरोगी, पूर्ण पिकलेलं फळ मात्र सारात घालू नका, पुढच्या बियाण्यासाठी राखा. त्याचा बियांसकट गर वाटीत दोन-तीन दिवस आंबवा. वास येईल, घरचे बोलतील, बोलू देत. बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं की धुऊन ताटलीत सावलीला वाळवा. कागदावर नको, चिकटतात.