डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील ‘ओडी’चा अर्थ काय?

औषधाच्या नावापुढे ‘ओडी’ लिहिलेले असल्यास काय समजावे, असे तुम्ही विचारले आहे. गोळीपुढे असेल तर दिवसातून एकदा. डोळ्यांच्या थेंबांपुढे असेल तर मात्र बहुधा उजवा डोळा, कारण नेत्रतज्ज्ञांचे ‘ओडी’ हे ‘ऑक्युलस डेक्स्टर’ या लॅटिन शब्दांवरून आलेले आहे. डाव्या डोळ्यासाठी ते ‘ओएस’ लिहितात.

आमच्या घरी हा फरक कोणालाही ठाऊक नव्हता. मी बँकेत आहे, तिथे ओडी म्हणजे ओव्हरड्राफ्ट. मोठा भाऊ रेल्वेत, त्याच्यासाठी ओडी म्हणजे ऑन ड्यूटी. आईच्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नागपूरच्या धंतोलीतील एका रुग्णालयात झाली आणि चिठ्ठीवर थेंबांच्या नावापुढे फक्त ‘ओडी’ होते. औषध दुकानदाराने खोक्यावर निळ्या बॉलपेनने ‘रोज १ वेळ’ असे लिहून दिले. आम्ही आठ दिवस रोज रात्री एकच थेंब घालत राहिलो. तपासणीला गेलो तेव्हा डोळा लालभडक झाला होता आणि थेंब दिवसातून सहा वेळा घालायचे होते, हे तिथे कळले.

भाऊ आजही म्हणतो की चूक आपलीच, अक्षर स्वच्छ होते, आपण विचारायला हवे होते. मला हे साफ अमान्य आहे. चिठ्ठी सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत लिहावी, असा नियम भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली केला. पण अक्षर सुवाच्य असले तरी अर्थ दोन निघत असतील, तर विचारावे हे रुग्णाला सुचणार तरी कसे? अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेने ‘दिवसातून एकदा’ या अर्थाचे ‘ओडी’ घातक संक्षेपांच्या यादीत घातले आहे, कारण ते उजवा डोळा असे वाचले जाऊन पोटात घ्यायचे पातळ औषध डोळ्यात घातले गेले. आमच्याकडे उलटे झाले, एवढेच. ‘उजवा डोळा, सहा वेळा’ हे चार शब्द लिहायला डॉक्टरांना कितीसा वेळ लागला असता?

आईचा डोळा पुढे बरा झाला. लाली केवळ थेंब कमी पडल्यामुळेच आली, असे डॉक्टरांनी ठामपणे सांगितले नव्हते, हेही नमूद करतो. तुमची चिठ्ठी मी पाहिलेली नाही, तेव्हा माझ्या उत्तरावरून मात्रा बदलू नका. दुकानातून निघण्यापूर्वी डॉक्टरांना फोन करा आणि खोक्यावर मराठीत लिहून घ्या.