चौथ्या महिन्यानंतर शेळ्या गाभडतात, काय करावं?

दादा, बावीसपैकी तीन शेळ्या महिन्याभरात गाभडल्या, तिन्ही चौथा महिना ओलांडून, आणि एकीची जार दोन दिवस अडकून राहिली, असं तुम्ही लिहिलंय. घरचे म्हणतात ‘बकरीले नजर लागनी’, तुम्हाला वाटतं साक्रीकडचं ऊन बाधलं. दोन्ही बाजूला ठेवा. शेळीचे दिवस साधारण 150. शेवटच्या दोन महिन्यांत एकीमागून एक गाभडू लागल्या की आधी ब्रुसेला या जंतूचा संशय घ्यायचा. क्लॅमिडिया, लिस्टेरिया या दुसऱ्या जंतूंनीही गाभडतात आणि वरून सगळं सारखंच दिसतं, त्यामुळे तपासणीआधी कोणी छातीठोक सांगितलं तर ऐकू नका. माझंसुद्धा.

मी चोपड्याकडचा. चार वर्षांपूर्वी बाजारातून एक दणकट बोकड आणला. त्याचं एक वृषण सुजलेलं दिसत होतं, पण भाव चांगला मिळाला म्हणून डोळेझाक केली. त्या हंगामात पाच गाभडल्या. दोघींची जार मी उघड्या हाताने काढली, बोटाला विळ्याचा काप असताना. तीन आठवड्यांनी रोज संध्याकाळी ताप, रात्री घामाने गोधडी ओली, कंबर इतकी धरली की केळीचा घड खांद्यावर घेता येईना. टायफॉइड समजून दोन महिने गोळ्या खाल्ल्या. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, "घरी शेळ्या आहेत का?" मग डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन, सहा आठवडे, एकही दिवस न चुकवता. हाच माल्टा ताप, ब्रुसेला माणसात शिरला की येणारा. त्याचा जंतू 1887 मध्ये सापडला, पण तो शेळीच्या दुधातून माणसात येतो हे कळायला 1905 उजाडलं. तेव्हा पोराच्या तोंडात थेट सडातून धार सोडायची हौस आजपासून बंद, दूध उकळूनच. घरात कोणाला असा ताप असेल तर डॉक्टरांना शेळ्यांचं आधी सांगा.

आता तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. रक्ताच्या पाण्याचा थेंब गुलाबी औषधात मिसळतात. चार मिनिटांत फाटलेल्या दुधासारखे बारीक दाणे दिसले तर पॉझिटिव्ह. नुकत्याच गाभडलेल्या शेळीचं रक्त कधी कधी निगेटिव्ह येतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्या. पुढचं करडू गाभडलं तर बर्फात ठेवून डॉक्टरांकडे न्या, त्यातून नेमका जंतू कळतो. बाकी जार, घाण चुना टाकून खोल पुरा. कुत्र्यांनी ओढून नेली तर सगळ्या गल्लीत पसरेल. हातमोजे, तोंडाला फडकं, आणि घरातल्या गरोदर बाईला तिकडे फिरकू देऊ नका.

फसगत होते ती पुढे. एकदा गाभडलेली शेळी पुढच्या वेताला बहुतेक नीट विते, म्हणून माणूस म्हणतो "बरी झाली". ती बरी नसते, दुधातून आणि विताना जंतू सोडतच असते. हा जंतू पेशींच्या आत दडतो, त्यामुळे शेळीला इंजेक्शनं देत बसण्यात पैसा जातो, रोग जात नाही. पॉझिटिव्ह निघालेली कळपातून काढायची, कशी ते पशुवैद्यकांना विचारून. बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात मात्र मारू नका. माझा बोकड तसाच आला होता.

आणि रक्त देताना तुमचा बोकड विसरू नका. सगळे शेळ्या मोजतात, त्याला सोडतात.