संरक्षक जकात अभ्यासताना साखरेपासून सुरुवात करावी

संरक्षक जकातीचा, म्हणजे देशी उद्योगाला संरक्षण देण्यासाठी आयात मालावर लावलेल्या कराचा, राष्ट्रीय उत्पन्नावरील परिणाम आपण नव्याने अभ्यासत असाल, तर 1932 च्या साखर संरक्षण कायद्यापासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. जावाच्या साखरेवर भारी आयात शुल्क लागू झाल्यावर देशातील सुमारे 30 कारखान्यांची संख्या काही वर्षांतच 100 च्या पुढे गेली. आपला सोलापूर जिल्ह्यातील माळीनगरचा साखर कारखानाही त्याच काळातला. मात्र कारखाने वाढले म्हणजे राष्ट्रीय उत्पन्न तेवढेच वाढले, असे मानू नये, कारण ग्राहकाने मोजलेली जास्तीची किंमत आणि उसाकडे वळलेली जमीन, पाणी व भांडवल इतरत्र काय निर्माण करू शकले असते, हेही हिशेबात धरावे लागते. आयात आटल्याने सरकारचे जकातीचे उत्पन्न घटले आणि 1934 मध्ये देशी साखरेवर उत्पादन शुल्क आले. हा दुवा नवे अभ्यासक हमखास विसरतात.