शाळिग्रामाला काय विचारावे?

प्रश्न : आमच्या देवघरात आजोबांनी मुक्तिनाथहून आणलेला शाळिग्राम आहे. तो एका समुद्री प्राण्याचा जीवाश्म आहे, असे नुकतेच वाचनात आले. अशा दगडावरून तेव्हाचा समुद्र किती खोल व किती उबदार होता आणि किनारा कुठे होता, हे शास्त्रज्ञ कसे ठरवतात?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. चक्र असलेला शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या प्राण्याचा जीवाश्म. हा प्राणी माकुलाच्या नात्यातला, पण पाठीवर वेटोळा शंख बाळगणारा. हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाच्या काळ्या चिखलात हे शंख गाडले गेले आणि पुढे नेपाळमधील काली गंडकी नदीने ते खडकातून मोकळे केले. अमोनाइटच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या व दूरदूर पसरल्या, त्यामुळे खडकाचे वय सांगायला इतका भरवशाचा साक्षीदार क्वचितच मिळतो.

खोली आणि किनारा यांबाबत मात्र त्याची साक्ष अपुरी पडते. प्राणी मेल्यावर त्याचा कप्प्याकप्प्यांचा पोकळ शंख तरंगत कुठल्या कुठे जाऊ शकतो, आणि शाळिग्राम तर नदीने थरातून उचलून आणलेला असतो. जीवाश्म कोणाचा आहे याइतकेच तो थरात कसा पडला होता हेही महत्त्वाचे असते, आणि माझ्या मते अनेकदा अधिक.

हे पाहायला कच्छसारखी जागा नाही. तिथल्या डोंगरांत ज्युरासिक काळातील समुद्रतळाचे थर एकावर एक उघडे पडले आहेत. एखाद्या शिंपल्याची दोन्ही झडपे मिटलेली असतील आणि तो वाळूत जिवंतपणी रुतून असतो तसाच सापडला, तर तो जागच्या जागी गाडला गेला असे समजावे. सुट्या झडपा पाठ वर करून पसरलेल्या असतील, तर त्या प्रवाहाने किंवा लाटांनी लोळवलेल्या असतात, कारण उताणी झडप पाण्याने सहज उलटते आणि पालथी झाली की टिकून राहते. कोकणातल्या कोणत्याही पुळणीवर ओहोटीच्या वेळी हे आपल्याला डोळ्यांनी पाहता येईल. कच्छमधल्या धोसा ऊलाइट या पातळ थराच्या माथ्यावर तर वेगवेगळ्या काळांतील अमोनाइट शेजारी शेजारी पडलेले आढळतात. याचा अर्थ, तिथे दीर्घकाळ गाळ जवळजवळ साचलाच नाही. त्याहून बऱ्याच वरच्या, भुज नावाने ओळखल्या जाणाऱ्या वालुकाश्मांत पानांचे ठसे दिसू लागतात. नद्यांचा गाळ पुढे सरकला आणि समुद्र पश्चिमेकडे हटला, हे त्यांवरून कळते.

तापमानाचा पुरावा कवचाच्या रसायनात असतो. ऑक्सिजनचे १६ आणि १८ वस्तुमानांकांचे अणू कवचाच्या कॅल्साइट या चुनखनिजामध्ये ज्या प्रमाणात बसतात, ते प्रमाण पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. थंड पाण्यात जड अणू थोडे अधिक येतात. मात्र समुद्राच्या पाण्यातच जड अणू किती होते याचा अंदाज आधी बांधावा लागतो, आणि कवचातले खनिज नंतर बदललेले नाही याचीही खात्री करावी लागते. अमोनाइटचे कवच ज्या अॅरागोनाइट या दुसऱ्या चुनखनिजाचे असते ते सहज बदलते. म्हणून कालवे आणि बेलेम्नाइट (माकुलासारखा एक नामशेष प्राणी) यांच्या टिकाऊ कॅल्साइटवर अधिक भिस्त ठेवतात. कच्छमधील जीवाश्मांनाही ही पद्धत लावली गेली आहे.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरॉल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील एका ज्युरासिक बेलेम्नाइटचा बोटाएवढा कठीण भाग घेतला आणि झाडाच्या खोडासारखी त्याची एकेक वाढवलये खरवडून याच पद्धतीने तपासली. तो प्राणी सुमारे चार वर्षे जगला होता. तारुण्यानंतर त्याने तीन उन्हाळे व चार हिवाळे पाहिले होते, आणि शेवटच्या वलयावरून त्याचा मृत्यू वसंत ऋतूत झाला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला.